भाजलेली कोंबडी एक, खाणारी तोंडं पाच... आठवडा कसा काढता?

वैतागवाडी:
मंडळी जरा मदत करा. आम्ही डॅलसला, दोघं, दोन मुलं (9 आणि 5) आणि सध्या सासूबाई आल्यात. नवऱ्याचा जॉब जाऊन दोन महिने झाले त्यामुळे ग्रोसरीच्या बिलावर डोळा ठेवून आहे. एक मैत्रीण म्हणाली ती कॉस्टकोची (इथलं मोठं घाऊक दुकान) रोटिसरी चिकन, म्हणजे तयार भाजलेली अख्खी कोंबडी आणते, 4.99 डॉलरला, आणि तिची तीन-चार जेवणं निघतात. मी पण आणली. रविवारी दुपारी अख्खी टेबलावर ठेवली, मुलांनी तंगड्या ओढल्या, नवऱ्याने टीव्ही बघत बघत छाती संपवली, संध्याकाळी भांडी घासायला गेले तर नुसता सांगाडा, तो कचऱ्यात. कुठली तीन जेवणं अन् कुठलं काय!
वर सासूबाईंचे सोमवार-गुरुवार. त्या दिवशी घरात नॉनव्हेज शिजत नाही, आणि शिळं त्यांना चालत नाही ते वेगळंच. कसं जमवता तुम्ही लोक?

आळशी_सुगरण:
अगं पहिली चूक तिथेच, अख्खी टेबलावर ठेवलीस. ती कधी पुरणार नाही, दहा माणसांची असली तरी. मी न्यू जर्सीत बारा वर्षं हेच करतेय. घरी आणली की आधी ओट्यावर, आणि गरम असतानाच सोलायची, हाताला सोसेल इतपत. गरम असताना मांस हाडावरून आपोआप सुटतं, फ्रीजमधून काढून सोलायला बसलीस तर अर्धं हाडालाच राहतं. तंगड्या आणि पंख त्या दिवशीच्या जेवणाला वेगळे. बाकीचं सगळं हाताने मोकळं करून दोन डब्यांत. पाठ उलटी करून बघ, मांडीच्या वर दोन्ही बाजूंना खळग्यात बोराएवढे दोन मऊ तुकडे असतात, ते बहुतेक जण तसेच फेकतात. ते सोलणाऱ्याचे, कोणाला सांगायचं नाही. 😄
साधारण तीन पौंडाची असते ती, माझे मोकळं केलेल्या मांसाचे चारेक कप तरी निघतात. हाडं, कातडी आणि तळाला साचलेलं पाणी, हेच खरं भांडवल आहे, यातलं काहीही टाकायचं नाही. ते पाणी थंड झालं की जेली होते, एक चमचा वरणात घालून बघ.
हाडं इन्स्टंट पॉटमध्ये (विजेवरचा कुकर), एक कांदा, आल्याचा तुकडा, चार मिरी, बुडेल इतकं पाणी, 45 मिनिटं. मीठ घालू नकोस, त्या कोंबडीला आधीच मिठाचं पाणी मुरवलेलं असतं. मी पहिल्यांदा सवयीने घातलं होतं, समुद्र प्यायल्यासारखं झालं.

रस्सावाला:
वरच्या ताईंनी निम्मं सांगितलंय, पुढचं मी सांगतो. कोंबडी पुरवायची कला आपल्याकडे जुनीच आहे, तिचं नाव रस्सा. आमच्या कोल्हापुरात तांबडा काय नि पांढरा काय, दोन्हीचा जीव त्या अळणी पाण्यात, म्हणजे हाडं-मांस शिजवलेल्या पाण्यात, मटणाचं असो की कोंबडीचं. पाहुणे वाढले की आजी पातेल्यात पाणी ओतायची, पीस नाही वाढवायची.
तर करायचं असं. दोन कांदे उभे चिरून तेलावर चांगले लाल, अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून, आलं-लसूण-कोथिंबीर, बारीक वाटण. वाटण तेल सुटेस्तोवर परता, कांदा-लसूण मसाला दीड चमचा, मग हाडांचं पाणी पाच-सहा कप. दोन बटाटे मोठ्या फोडी करून त्यातच शिजवा, चार अंडी उकडून अर्धी करून सोडा. आणि सगळ्यात शेवटी, गॅस बंद करायच्या दोन-तीन मिनिटं आधी, एक-सव्वा कप मांस. ती कोंबडी शिजलेलीच आहे, तिला परत शिजवायचं नाही, नुसतं कडकडीत गरम होऊ द्यायचं. पाच माणसं भाकरी किंवा भात घेऊन पोटभर जेवतात, आणि ताटात पीस कमी आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही कारण बटाटा आणि अंडं असतं.

मीच_ती_गाढव:
"परत शिजवायचं नाही" याला हजार वेळा +1. मी मोकळं केलेलं मांस मसाला लावून कुकरला लावलं होतं, तीन शिट्ट्या. काथ्या झाला काथ्या, नारळाच्या शेंडीचा. नवरा म्हणाला भांडी घासायला छान आहे.

फ्रीज_पोलीस:
वारांचं गणित सांगते, कारण आमच्याकडेही तेच. शिजवलेलं चिकन फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच धरायचं. म्हणजे रविवारी आणलं तर रविवार तंगड्या, सोमवारी सुट्टी, मंगळवारी रस्सा, बुधवारी पुलाव, संपलं. गुरुवार आपोआप मोकळा. त्यापुढचं हवं असेल तर रविवारीच एक डबा फ्रीझरला टाका, बुधवारी आठवण आली म्हणून नको.
आणि दुकानातून थेट घरी. दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही, डॅलसच्या उन्हाळ्यात गाडीत तर तासभरही नाही. हाडांचं पाणी मोठ्या पातेल्यात तसंच गरम फ्रीजमध्ये ढकलू नका, उथळ भांड्यांत ओता म्हणजे पटकन गार होतं.
पुलावाला दोन कप बासमतीला तेच पाणी तीन कप, मटार गाजर ढकला, मांस एक कप पुरतं, ते पण वरून. उरलेल्या मूठभराची मुलांच्या डब्याला फ्रँकी, चक्का, चाट मसाला, कच्चा कांदा. शाळेत मायक्रोवेव्ह नसतो तर डब्यात बर्फाची पिशवी ठेवा.
एक खोचक सल्ला: कोंबडी दुकानात अगदी मागे ठेवलेली असते ती काय उगाच नाही. पाच डॉलरची आणायला जाऊन मी दीडशेचं बिल करून आलेय. यादी घेऊन जा, शक्यतो नवऱ्याशिवाय.

पेठेतला_काका:
आम्ही पुण्यात, इथे उलटं आहे, भाजलेली महाग आणि कच्ची स्वस्त, त्यामुळे हा हिशोब आमच्या कामाचा नाही. पण चिकनवाल्याकडे सूपसाठी मान आणि हाडं वेगळी मागितली तर अगदी कमी पैशात देतो. रस्सा तोच. बाकी त्या कांदा-लसूण मसाल्याच्या दीड चमच्याला कोल्हापुरात चिमूट म्हणतात ना?

रस्सावाला:
काका, पाच वर्षांचं पोर आहे घरात म्हणून सांभाळून लिहिलं 🙏

वैतागवाडी:
रिपोर्ट देते. या रविवारी सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. ओट्यावर सोलायला लागले तर सासूबाईच शेजारी येऊन उभ्या राहिल्या, "दे इकडे, तुझं हाडालाच राहतंय" म्हणून निम्मं त्यांनीच सोललं. ते बोराएवढे तुकडे कुठे गेले मला माहीत नाही, पण त्यांचं तोंड चालू होतं.
मंगळवारी रस्सा केला, शिळ्याचा विषय निघेल म्हणून आधीच धास्तावले होते. त्या म्हणाल्या रस्सा आत्ताच केलायस ना मग शिळा कसा, आणि दोनदा घेतला. धाकटीने अंडं बाजूला ठेवलं, ते नवऱ्याने उचललं. बुधवारी पुलाव जरा गिचका झाला, माझंच पाणी जास्त झालं. फ्रीझरमध्ये अजून एक डबा आहे.
फक्त ती जेली. पिशवीतच राहिली आणि पिशवी कचऱ्यात गेली.

आळशी_सुगरण:
अरेरे!! पुढच्या रविवारी आधी ती वाटीत ओत, मग बाकीचं.