गिरकीत सापडलेले मॉडेल विमान: स्टिक सोडून द्यायची की उलटा रडर द्यायचा?

वाऱ्याविरुद्ध (धागालेखक)

गेल्या रविवारी आमच्या मैदानावर, म्हणजे पुण्याबाहेर ज्वारी निघाल्यावर मोकळ्या झालेल्या एका शेतात, सोळा वर्षांच्या एका मुलाचे रेडिओवर चालणारे मॉडेल विमान गिरकीत सापडून पडले. सुमारे ८० मीटर उंचीवर तो हळू वळण घेत होता. वेग उतरला, डावा पंख झपकन खाली गेला आणि विमान नाक खाली करून स्वतःभोवती फिरू लागले. मुलाने खाली गेलेला पंख उचलण्यासाठी उजवीकडे एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी फळी) दिला आणि नाक वर यावे म्हणून एलेव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटीच्या आडव्या फळीची) स्टिक स्वतःकडे ओढून धरली. त्या क्षणी त्याच्याभोवती आम्ही चार अनुभवी माणसे उभी होतो आणि चौघांनी चार वेगळ्या सूचना ओरडून दिल्या: स्टिक सोड, उलटा रडर दे, थ्रॉटल वाढव, गायरोचे बटण दाब. (रडर म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी फळी, आणि उलटा म्हणजे गिरकीच्या विरुद्ध बाजूचा; थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर; गायरो म्हणजे विमान आपोआप समतल करणारे उपकरण.) चार फेऱ्यांनंतर विमान जमिनीत रुतले. दोष त्या मुलाचा नाही, आमचा आहे. म्हणूनच हा विषय येथे मांडत आहे.

माझे मत स्पष्ट आहे. नवशिक्याला ‘घाबरलास तर स्टिक सोडून दे’ एवढेच शिकवणे अपुरे आहे. त्याने पुरेशा उंचीवर, मुद्दाम, अनुभवी माणूस शेजारी असताना विमान गिरकीत घातले पाहिजे आणि उलटा रडर देऊन बाहेर काढले पाहिजे.

गिरकीत दोन्ही पंख स्टॉल झालेले असतात (हवेशी कोन फार मोठा झाल्याने त्यांची उचल ढासळलेली असते), पण सारखे नाही. आतल्या बाजूचा पंख हवेला अधिक मोठ्या कोनात सामोरा जातो, त्यामुळे त्याची उचल कमी आणि हवेचा रोध जास्त असतो. हा फरकच विमानाला फिरवत ठेवतो आणि फिरण्यामुळे हा फरक टिकून राहतो. अशा वेळी खाली गेलेल्या पंखाचा एलरॉन खाली वळवला, तर त्या पंखाचा स्टॉल आणि रोध दोन्ही वाढण्याचीच शक्यता असते. म्हणजे मुलाने जे सहजप्रेरणेने केले, तेच गिरकीला पोसणारे होते. ही प्रेरणा मोडायची तर सराव हवा, नुसती सूचना पुरत नाही.

या बाबतीत मला नेहमी विल्फ्रेड पार्क या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची आठवण होते. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधील सॉल्सबरी पठारावर त्यांचे बंद केबिनचे ॲव्हरो विमान गिरकीत सापडले. त्यांनी आधी इंजिनाचा जोर वाढवला, एलेव्हेटर मागे ओढला आणि वळणाच्या दिशेनेच रडर दिला. यातल्या कशानेच गिरकी थांबली नाही. मग त्यांनी रडर पूर्ण उलट्या बाजूला ढकलला आणि विमान जमिनीपासून जेमतेम ५० फुटांवर सरळ झाले. आमच्या मैदानावरचा मुलगा आणि १९१२ सालचे पार्क यांनी पहिल्यांदा केलेली चूक जवळजवळ एकच होती. फरक एवढाच की आज आपल्याला उत्तर आधीपासून माहीत आहे आणि तरीही आपण ते मुलांच्या बोटांत उतरवत नाही.

बाल्सा आणि डिंक

आपल्या कळकळीबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आपण दिलेल्या उदाहरणातच आहे. पार्क विमानात बसले होते. आपण बाहेरच्या बाजूला फेकले जात आहोत हे त्यांना शरीराने कळले आणि त्यावरूनच त्यांना रडर फिरवण्याचे सुचले. मॉडेल उडवणारा माणूस जमिनीवर उभा असतो. त्याच्याजवळ फक्त डोळे असतात, आणि गिरकीच्या वेळी डोळेच सर्वाधिक फसवतात.

विमान डोक्यावर असेल तर आपल्याला त्याचे पोट दिसते. डावीकडची गिरकी वरून पाहणाऱ्याला घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने दिसते, पण खालून पाहणाऱ्याला काट्यांच्या दिशेनेच दिसते. ती उजवीकडची समजून नवशिक्याने ‘उलटा’ म्हणून डावा रडर दिला, तर तो प्रत्यक्षात गिरकीच्या बाजूचाच रडर ठरतो आणि विमान अधिक वेगाने फिरू लागते. विमान दूर असेल तर फिरताना एकदा पोट आणि एकदा पाठ दिसते, तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. मुद्दाम गिरकी घालणाऱ्याला आपण कोणत्या बाजूला गेलो हे आधीच ठाऊक असते; अपघाताने सापडलेल्याला ते ठाऊक नसते. म्हणजे आपण सुचवलेला सराव ज्या प्रसंगासाठी आहे, त्या प्रसंगातली मुख्य अडचण त्या सरावात येतच नाही.

थ्रॉटल बंद करून दोन्ही स्टिक मध्यावर येऊ देणे यासाठी दिशा ओळखावी लागत नाही. उंच पंखांच्या, हलक्या, स्थिर स्वभावाच्या ट्रेनर (शिकण्यासाठीच्या) विमानाची गिरकी एवढ्यानेच एक-दीड फेरीत थांबते, हे मी स्वतः अनेक वर्षे पाहत आलो आहे. त्या मुलाने काहीही न करता हात बाजूला घेतले असते, तर आज त्याचे विमान शाबूत असते.

जुना कॅडेट

मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना एरोमॉडेलिंग शिकलो आणि नंतर काही मुलांना शिकवलेही. माझा कल धागालेखकांकडे आहे, पण रडरच्या आधीची एक गोष्ट दोघांनीही पुरेशी मांडलेली नाही. समोर दिसते ती गिरकी आहे की सर्पिल सूर, म्हणजे स्पायरल डाइव्ह, हे आधी ओळखले पाहिजे. सर्पिल सुरात पंख स्टॉल झालेले नसतात, वेग सतत वाढत जातो आणि प्रोपेलरचा व हवेचा आवाज चढत जातो. तेथे उपाय एलरॉनने पंख समतल करणे आणि मग हळूच नाक वर घेणे हाच आहे. गिरकीत मात्र वेग कमी आणि जवळजवळ स्थिर राहतो, आवाज चढत नाही आणि विमान पान गळावे तसे जागच्या जागी फिरत खाली येते. सर्पिल सुरातल्या विमानाला गिरकीचा उपाय आणि गिरकीतल्या विमानाला सुराचा उपाय, हे दोन्ही विमानाला जमिनीत नेतात.

ओळख पटल्यावर क्रम मात्र एकच ठेवावा: थ्रॉटल पूर्ण बंद, एलरॉन मध्यावर, रडर पूर्ण उलट आणि त्यानंतर एलेव्हेटर पुढे. फिरणे थांबताच रडर मध्यावर आणावा आणि सुरातून विमान सावकाश बाहेर काढावे. घाईने ओढले तर दुसरा स्टॉल लागतो आणि उरलेल्या उंचीत दुसरी संधी मिळत नाही. रडर एलेव्हेटरच्या आधी देण्यालाही कारण आहे. गिरकीत हवा खालून वर येत असते, आडव्या शेपटीमागची मंद हवा रडरच्या बऱ्याच भागावर पडते आणि रडरला मिळणारी ताकद आधीच कमी झालेली असते. म्हणून जे काही मिळते ते आधी वापरायचे.

थ्रॉटलबद्दलही लिहितो, कारण त्या दिवशी कोणीतरी ‘थ्रॉटल वाढव’ असे ओरडले, ही बाब मला सर्वांत गंभीर वाटली. नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या प्रोपेलरचे विमान डावीकडच्या गिरकीत असताना इंजिनाचा जोर वाढवला, तर फिरत्या प्रोपेलरच्या परिणामाने नाक वर उचलले जाते आणि गिरकी सपाट होऊ लागते. सपाट गिरकीत शेपटीवरून पुरेशी हवा वाहत नाही. मग रडर आणि एलेव्हेटर हलतात, पण विमान ऐकत नाही.

सीजी तीस टक्के

तिघांचेही लेखन मी दोनदा वाचले, आणि बोटांची ही चर्चा विमानाच्या वजनाच्या मांडणीपासून सुरू व्हायला हवी होती असे मला प्रामाणिकपणे वाटते. बहुतेक साध्या मॉडेलचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश भागात ठेवतात. त्याहून मागे गेला की विमान सहज गिरकीत शिरते, गिरकी सपाट होण्याकडे झुकते आणि वर सांगितलेले दोन्ही उपाय दुबळे पडतात. माझे स्वतःचे एक बाल्सा लाकडाचे विमान मी यामुळेच गमावले. मोठी लायपो बॅटरी बसत नव्हती म्हणून ती दोन बोटे मागे सरकवली. उड्डाण नेहमीसारखे झाले, पण पहिल्याच गिरकीत उलटा रडर, मोकळी स्टिक, सर्व करून पाहिले आणि काहीही उपयोग झाला नाही.

हाच प्रश्न मोठ्या विमानांसाठी अमेरिकेतील लँग्ली येथे, नासाच्या संशोधन केंद्रात, अभ्यासला जातो. तेथे १९४१ मध्ये सुमारे ६ मीटर व्यासाचा उभा वातबोगदा सुरू झाला. अशा बोगद्यात खालून वर येणाऱ्या हवेत मॉडेल हाताने फिरवून सोडतात आणि ते गिरकीतून कसे बाहेर येते ते पाहतात. त्या मॉडेलचा केवळ आकार प्रमाणात असून चालत नाही, वजन कुठे किती आहे हेही प्रमाणात जुळवावे लागते. नाहीतर मोठ्या विमानाबद्दल काहीच निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून ‘हलक्या ट्रेनरची गिरकी आपोआप थांबते’ हे बाल्सा आणि डिंक यांचे निरीक्षण खरे असले, तरी ते त्या ट्रेनरपुरतेच खरे आहे. तोच मुलगा उद्या निमुळत्या पंखांचे, जड, लढाऊ विमानासारखे मॉडेल घेईल, तेव्हा सोडलेली स्टिक त्याला वाचवेलच असे नाही.

कमी वारा

मी वर्षभरापूर्वीच सुरुवात केली आहे. माझ्या विमानात आपोआप समतल करणारा गायरो आहे आणि त्याच्यामुळेच ते आजवर टिकले आहे. बटण दाबण्याचा सल्ला चुकीचा का ठरावा, हे मला समजून घ्यायचे आहे.

वाऱ्याविरुद्ध (धागालेखक)

कमी वारा, बटण दाबण्याचा तो सल्ला मीच ओरडून दिला होता, त्यामुळे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. गिरकी सुरू होण्याआधी गायरो खरोखर रक्षण करतो, कारण तो विमानाचा कल आणि नाकाचा कोन मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. पण पंख स्टॉल झाल्यावर त्याला स्टॉल कळत नाही, फक्त कल कळतो. पंख खाली गेला म्हणून तो विरुद्ध एलरॉन देतो आणि नाक खाली आहे म्हणून एलेव्हेटर वर घेतो. हे तंतोतंत तेच आहे जे त्या मुलाने घाबरून केले. गिरकीत गायरो बंद असणे अधिक सुरक्षित, असे आता माझे मत झाले आहे.

दिशा ओळखण्याबाबतचा बाल्सा आणि डिंक यांचा आक्षेप मी स्वीकारतो. दोन दिवस मी त्यावर विचार केला आणि काल पहाटे वारा नसताना माझ्या १.४ मीटर पंखांच्या ट्रेनरवर उंची मोजणारा सेन्सर लावून पाहिले. दर फेरीला साधारण ८ मीटर उंची जाते आणि थांबल्यानंतर सुरातून बाहेर येण्यास आणखी सुमारे १५ मीटर लागतात. ड्रोन नियम, २०२१ नुसार हिरव्या क्षेत्रात, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात, आपल्याला १२० मीटरपर्यंतच जाता येते. म्हणजे १०० मीटरवरून सुरुवात केली तर हात सोडून एक पूर्ण फेरी वाट पाहता येते, आणि तरीही न थांबल्यास रडर देऊन पाहण्याइतकी उंची उरते. रडर दिल्यावर फिरणे वाढले, तर तो चुकीच्या बाजूचा आहे हे तत्काळ कळते आणि बाजू बदलता येते. हा क्रम मी शिकवीन: आधी हात सोडणे, मग रडर. परंतु रडर वगळणार नाही.

बाल्सा आणि डिंक

गणित पटले. तरीही एक गोष्ट नोंदवतो. बरीच मॉडेल विमाने ८० मीटरवर नव्हे, तर उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणात १५-२० मीटरवर गिरकीत जातात. धावपट्टी ओलांडली जात आहे असे दिसले की माणूस वळण घट्ट करतो. ६० अंशांच्या कलात, उंची राखून वळताना, स्टॉलचा वेग सरळ उड्डाणाच्या सुमारे १.४ पट होतो, आणि त्यातच रडरने नाक ओढले की आतला पंख आधी सुटतो. आपल्याच मोजमापानुसार तेथे ना मोकळी स्टिक वाचवेल, ना रडर. म्हणून त्या मुलाचे पहिले दहा तास मी उंचीवर हळू उडणे, स्टॉल जवळ आल्याची चिन्हे ओळखणे आणि वळण फसले तर थ्रॉटल देऊन सरळ निघून पुन्हा फेरी मारणे यांवरच घालवीन. मुद्दाम गिरकी त्यानंतर.

जुना कॅडेट

दहा तास फार होतात. दहा तासांत मुलगा एकटा उडवू लागतो आणि मग शेजारी कोणी नसते. माझ्या मते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जोड ट्रान्समीटर वापरून, शिकवणाऱ्याच्या हातात ताबा परत घेण्याची सोय ठेवून गिरकी दाखवावी. नव्या विमानाच्या पंखांना खालून रुंद काळे पट्टे आणि वरून ठळक पिवळा रंग देण्याची तयारी मी केली आहे, म्हणजे पोट कोणते आणि पाठ कोणती हे त्याला दुरूनही दिसेल. गुरुत्वमध्य सीजी तीस टक्के यांनी स्वतः तपासून द्यावा, अशी विनंती आहे. रविवारी सकाळी सात वाजता, वारा सुटण्याआधी.