मदत हवी आहे: मॅनेटमधला खोटारडा नोड कसा पकडायचा?

नमस्कार मंडळी,
मी जळगावला एम.ई. करतोय. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर रेंज नाही, तिथे फोनवरून फोनवर निरोप सरकवणारं, टॉवरशिवायचं जाळं (मॅनेट, म्हणजे मोबाइल अ‍ॅड-हॉक नेटवर्क) हा माझा प्रकल्प. एनएस-३ या सिम्युलेटरमध्ये ३० नोड (म्हणजे जाळ्यातले फोन), रस्ता शोधायला एओडीव्ही हा राउटिंग प्रोटोकॉल (आरएफसी ३५६१ या दस्तऐवजातला, २००३).

अडचण अशी, की एओडीव्ही सगळ्यांना रस्ता विचारतो आणि उत्तर देणाऱ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. एखादा नोड मोठा सिक्वेन्स नंबर (रस्ता किती ताजा हे सांगणारा आकडा) टाकून 'ताजा रस्ता माझ्याकडे' म्हणतो, पॅकेट ओढतो आणि गिळतो. फक्त डेस्टिनेशननेच उत्तर द्यावं असं सांगणारा फ्लॅग (विनंतीतली खूण) आहे, पण खोटारडा तो पाळेल कशाला?

वॉचडॉग लावला. पुढचा नोड पॅकेट पुढे पाठवतो का, हे कान देऊन ऐकायचं. पण नेमकी तेव्हाच सिग्नलची टक्कर झाली तर ऐकूच येत नाही, आणि प्रामाणिक नोड चोर ठरतो. उद्या पाड्यावरून सर्पदंशाचा निरोप निघाला आणि मधला चांगला नोडच आपण वाळीत टाकलेला असला तर? याचीच मला काळजी वाटते.

एसएओडीव्हीच्या (एओडीव्हीच्या सुरक्षित आवृत्तीच्या) डिजिटल सह्या वापरायच्या, तर सर्व्हर नसताना त्या सह्या तपासायच्या चाव्या वाटायच्या कशा? आणि वॉचडॉगची मर्यादा किती चुकांवर ठेवायची? कुणी कान देऊन ऐकण्याऐवजी दोन टप्प्यांपलीकडच्या नोडकडून पोच मागवून पाहिली असेल, तर बॅटरीवर किती ताण आला तेही कृपया सांगा.