सोमाची गोळी आणि महापुराचा चिखल

प्रश्न (सांगली)
आमच्या वाचनगटात या महिन्यात आल्डस हक्सली यांची १९३२ सालची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी चर्चेला होती. तिच्यातील राज्यात मुले बाटल्यांत वाढवली जातात, ‘आई’ हा शब्द अश्लील मानला जातो आणि मन जरा कासावीस झाले की सोमाची गोळी घेतली जाते. असले सुख नको, यावर आमचे एकमत होत आले असताना गावभागातील एक काकू म्हणाल्या, “२०१९ च्या महापुरानंतर दार उघडले तेव्हा देव्हारा चिखलात आडवा पडला होता. त्या दिवशी कुणी ती गोळी दिली असती, तर मी घेतली असती.” मला उत्तर सुचले नाही. ज्याने सोसले आहे त्याला दुःखाचे महत्त्व आपण कोणत्या तोंडाने सांगायचे?

प्रतिसाद (सातारा)
काकूंचे म्हणणे खोडून काढायचे कारणच नाही. पण एका दिवसासाठी गोळी हवीशी वाटणे वेगळे आणि गोळीवर चालणारे राज्य वेगळे. त्या राज्याबाहेर जन्मलेल्या जॉनची आई लिंडा, तिच्या रुग्णालयातील मृत्यूचा प्रसंग पुन्हा वाचावा. मरणाची भीती मोडावी म्हणून त्या रुग्णालयात दीड वर्षाच्या वयापासून मुलांना आणले जाते. जॉन आईच्या खाटेशी हुंदके देत असताना परिचारिकेला काळजी असते ती मुलांवरील संस्कार बिघडण्याची, आणि ती त्यांना चॉकलेटचा खाऊ देते. माझे वडील गेले तेव्हा आमच्याकडे चूल पेटली नव्हती. शेजारच्या वहिनी कडू घास म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि काही न बोलता आईजवळ बसून राहिल्या. त्या राज्यात हे बसणेच नाहीसे झाले आहे, आणि मला सर्वांत भयंकर वाटते ते हेच.

प्रतिसाद (कराड)
मान्य आहे, तरी स्थैर्याची ओढ क्षुल्लक समजू नये. त्याच कादंबरीत नऊ वर्षांच्या युद्धाने होरपळलेले लोक स्वतःहून नियंत्रण पत्करतात. लोइस लाउरी यांच्या १९९३ सालच्या ‘द गिव्हर’मध्ये पिकांना अडचण होते म्हणून बर्फ बंद केला जातो, रंगही जातात, आणि साऱ्या समाजाच्या जुन्या आठवणी एकट्या माणसाने वाहायच्या असतात. ऊस लावणारा माणूस म्हणून ठरल्या वेळी पडणारा पाऊस मलाही हवा आहे. अडचण अशी, की तिथे काय सोडायचे हे पुढच्या पिढ्यांना कुणी विचारलेच नाही.

प्रश्नकर्ती (सांगली)
आपले प्रतिसाद काल काकूंना वाचून दाखवले. कडू घासाशी त्या थांबल्या आणि आतून एक पाकीट घेऊन आल्या. पुरात भिजलेली छायाचित्रे त्यांनी तेव्हा गच्चीवर दोरीला वाळत घातली होती. लेकीच्या बारशाच्या छायाचित्रात चेहरे पुसले गेले आहेत, पाळण्याची दोरी तेवढी दिसते. या आठवणी दुसऱ्या कुणाला सांभाळायला दिल्या असत्या का, असे मी विचारले. त्यांनी छायाचित्र पदराने पुसले आणि पाकिटात ठेवले. “गोळी त्या दिवसापुरती मागितली होती,” त्या म्हणाल्या.