सायकलवर बोटं बधिर होतात. रुंद टायर घेऊ की शॉकअपवाला चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क)?

नमस्कार मंडळी,

डॉक्टरांनी दम दिल्यापासून ऑफिसला सायकलने जातोय. रामबाग ते खंडवा रोड, राजवाडा-नवलखा-भंवरकुआंवरून, एका बाजूने सहा-सात किलोमीटर. इंदूरने 2017 ते 2023 च्या सर्वेक्षणांत स्वच्छतेतला पहिला नंबर सोडला नाही, कबूल, पण झाडलेला खड्डाही खड्डाच. त्यात खोदून बुजवलेल्या पट्ट्या आणि गल्लीतले पेव्हर ब्लॉक. त्यांच्यावरून जाताना घंटी आपली आपण वाजते. परवा डब्याचं झाकण उघडून बॅगेत वरण सांडलं. तेही सोसलं असतं, पण भंवरकुआं येईपर्यंत करंगळी नि शेजारचं बोट बधिर झालेलं असतं.

सायकल साधी हायब्रिड, शॉकअप नाही, टायर 700×32, म्हणजे 32 मिमी रुंद. माझं वजन 78 किलो.

दुकानदाराचं ऐकून गद्दीवर जेलचं कव्हर चढवलं. दोन दिवस सोफा, मग बूड रुतायला आणि मांड्या घासायला लागल्या. काढून टाकलं. मग हवेकडे वळलो. हवा भरणारा दर वेळी 85 पीएसआय ठोकायचा, टायरवर छापलेला कमाल आकडाच तो. 60 वर जिवात जीव आला. मग लोभ सुटला, 40 केली, आणि नवलख्याजवळ मागचं चाक रिमपर्यंत आपटलं. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून दाखवली : शेजारी-शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. वर म्हणतो, "भिया, हवा तो भरवा लिया करो."

38 चे टायर बसतील का? मागच्या टायर आणि फ्रेममध्ये करंगळी जेमतेम जाते. दुकानदार शॉकअपवाला चिमटा घ्या म्हणतोय.

प्रतिसाद : चिमट्याच्या नादी लागू नका. स्वस्तातला शॉकअप वजन वाढवतो, पुढची बाजू उचलतो आणि हँडल सुस्त करतो. 32 वरून 38 वर गेलात तर बाजूंना 3-3 मिमी जागा कमी होईल, वर मात्र जवळपास 6. वरची जागा मोजा, मडगार्ड असेल तर त्याच्या आतूनही. बसले तर मागे 50, पुढे 45 पासून सुरुवात करा. भार मागच्या चाकावर जास्त असतो, दोन्हीकडे सारखी हवा कशाला?

बोटांचं दुखणं मात्र मला टायरचं वाटत नाही. गद्दीचं नाक खाली झुकलंय का? मग माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातांवर येतो. आणि खड्डा दिसला की कोपरं सैल सोडून पॅडलवर जरा उठा. गुडघ्यांइतका चांगला शॉकअप दुकानात मिळत नाही.

धागाकर्ता : आभार! नाक खरंच झुकलेलं होतं, कव्हर बसवताना दुकानातच झुकवलं असणार. पान्याने सपाट केलं. आज भंवरकुआंपर्यंत बोटं जागी होती. वर 11 मिमी भरली, तेव्हा टायर पगार झाला की घेतो.

वरण आजही सांडलं.