गोल्ड किंग खाण: दोष २०१५ मध्ये खणणाऱ्यांचा, की खाणी उघड्या टाकून गेलेल्यांचा?

कातळवाट
५ ऑगस्ट २०१५. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या सिल्व्हर्टन गावाच्या वर, सॅन हुआन डोंगरात, गोल्ड किंग खाणीचं ढासळलेलं तोंड मोकळं करताना आत तुंबलेलं पाणी फुटलं. सुमारे १ कोटी १३ लाख लिटर. सिमेंट क्रीक ओढ्यातून ते ॲनिमस नदीत उतरलं आणि नदी हळद कालवल्यासारखी पिवळी झाली. काम ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याचं होतं. म्हणून सगळा राग त्यांच्यावर निघाला, अजून निघतो. मला हा राग चुकीच्या दारात गेलेला वाटतो.

या डोंगरांतून १८७० च्या दशकापासून सोनं, चांदी, शिसं, जस्त निघालं. गोल्ड किंगचा शोध १८८७ चा. तिथल्या खडकात गंधकयुक्त खनिजं भरपूर आहेत. बोगदा पाडला की त्यांना हवा आणि पाणी मिळतं, आम्ल तयार होतं आणि ते शिसं, जस्त, कॅडमियम विरघळवत बाहेर येतं. खाण बंद केल्याने ही क्रिया थांबत नाही. ईपीएच्या अंदाजानुसार या परिसरातल्या ४८ ठिकाणांहून मिळून रोज सरासरी २ कोटी लिटर असं पाणी नदीकडे जात होतं. म्हणजे त्या दिवशीच्या लोंढ्याच्या जवळपास दुप्पट, आणि तेही दररोज! खाणमालक गेले, निस्तरणं करदात्यांच्या गळ्यात आलं. सफाईचा पैसा आधी ठेव म्हणून घेतल्याशिवाय खाणीला परवानगीच नको.

नदीकाठी
साफ असहमत. जुनं पाप मोठं होतं म्हणून नवी चूक माफ होत नाही. ब्युरो ऑफ रेक्लमेशन या केंद्र सरकारच्याच पाणी-धरण खात्याने ऑक्टोबर २०१५ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं की हे टाळता आलं असतं. शेजारच्या रेड अँड बोनिटा खाणीत आधी भोक पाडून पाण्याचा दाब तपासला होता, गोल्ड किंगला ते केलं नाही. तरी कुणावर फौजदारी खटला झाला नाही. जानेवारी २०१७ मध्ये ईपीएने नुकसानभरपाई द्यायलाही कायद्याचं कारण सांगून नकार दिला. हेच एखाद्या खासगी कंपनीने केलं असतं तर तुम्ही एवढं समजून घेतलं असतं का?

भूशास्त्रप्रेमी
दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट सुटते. सिमेंट क्रीकचं पाणी खाणींच्या आधीपासून आम्लधर्मी आहे. लोहयुक्त झऱ्यांनी दगडगोटे चिकटवून तयार केलेले हजारो वर्षं जुने थर त्या ओढ्यात दिसतात. खाणींनी भर घातली हे नक्कीच, पण नदी 'मूळ' स्वच्छतेला नेऊ असं म्हणणं फसवं आहे. आणि लोंढ्याच्या वेळी खाली ॲनिमसकाठच्या ड्युरँगो शहराजवळ पिंजऱ्यात ठेवलेल्या ट्राउट माशाच्या १०८ पिल्लांपैकी एकच मेलं. रंगाने जेवढी भीती घातली, तेवढा तात्काळ परिणाम माशांवर झाला नाही.

कातळवाट
@भूशास्त्रप्रेमी, काही दिवसांत मासे मेले नाहीत याचा अर्थ वर्षानुवर्षं झिरपणारं जस्त निरुपद्रवी असा होत नाही. निसर्गाचा वाटा मान्य, पण पोखरलेल्या डोंगराचा हिशेब निसर्गाच्या खात्यावर टाकू नका.
@नदीकाठी, दाब न तपासणं हा हलगर्जीपणाच होता. माझं म्हणणं एवढंच, की ते पाणी तिथे साठवलं कुणी?

टनेलवाला
ठेवीबद्दल बोलतो, कारण भूमिगत कामांत माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. जवळची सनीसाइड ही तिथली शेवटची मोठी खाण, १९९१ मध्ये बंद झाली. ती बेवारस नव्हती. कंपनीने राज्याशी करार केला, खाणीचं पाणी बाहेर काढणाऱ्या अमेरिकन टनेल या बोगद्यात काँक्रीटची बुचं बसवली, इतर जुन्या जागाही साफ केल्या. करार पुरा झाल्याचं मान्य झालं आणि कंपनी मोकळी झाली. पण १९९६ नंतर डोंगरातली पाण्याची पातळी चढत गेली आणि जवळपास कोरड्या असलेल्या बोगद्यांतून पाणी वाहू लागलं. ते बुचांमुळेच, हे कंपनीला मान्य नाही. तिथल्याच ग्लॅडस्टोन या जागेचं, खाणीचं पाणी साफ करणारं जलशुद्धीकरण केंद्रही मध्येच बंद पडलं. नियम पाळूनही हे झालं. मग तुमची ठेव काय करणार? पाण्याला बूच मारलं की ते दुसरी वाट शोधतं. तिथे शुद्धीकरण केंद्र कायम चालू ठेवण्याला पर्याय नाही.

कातळवाट
@टनेलवाला, मग ठेव परत करायचीच नाही. त्या रकमेच्या व्याजावर शुद्धीकरण केंद्र चालवायचं, कंपनी राहो वा जावो. १८७२ चा खाण कायदा अजून लागू आहे आणि केंद्र सरकारच्या जमिनीतल्या सोन्याचांदीवर स्वामित्वधनही (रॉयल्टी) घेतलं जात नाही. निदान ते घेतलं असतं, तर असा निधी उभा राहिला असता.

नदीकाठी
निधीला माझा पाठिंबा. पण सिल्व्हर्टनने स्वतः किती काळ सुपरफंड यादीला, म्हणजे केंद्र सरकारने सफाईसाठी निवडलेल्या प्रदूषित जागांच्या यादीला, विरोध केला, तेही लिहा. पर्यटनावर डाग नको म्हणून! फेब्रुवारी २०१६ मध्ये गाव तयार झालं. तोपर्यंत खालच्या लोकांनी सोसलं. न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉकच्या नवाहो या मूलनिवासी जमातीच्या शेतकऱ्यांनी, ॲनिमस जिला मिळते त्या सॅन हुआन नदीचं पाणी शेताला देणं बंद केलं, ऐन हंगामात. त्यांच्या नवाहो नेशनला (जमातीच्या स्वशासनाला) केंद्र सरकारकडून ३ कोटी १० लाख डॉलर मिळाले ते २०२२ मध्ये. सोनं वर निघालं आणि पिकं खाली गेली, त्या शेतकऱ्यांचा या खाणीशी संबंध काय होता? तुमच्या निधीतून पहिला हक्क कुणाचा: शुद्धीकरण केंद्राचा की या शेतकऱ्यांचा?