प्रतिसाद: ‘पळून आलेले लोक कडवटच बोलणार’

वरच्या लेखात म्हटलंय की सोव्हिएत संघातून आलेले निर्वासित तिथल्या राजवटीवर चिडलेलेच असतात, म्हणून तिथलं जीवन समजून घ्यायला त्यांच्या मुलाखती निरुपयोगी. ही शंका हार्वर्ड विद्यापीठाच्या, सोव्हिएत समाजाचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पातल्या संशोधकांनाही होती. 1950-51 मध्ये रेमंड बाउअर (सामाजिक मानसशास्त्रज्ञ) आणि समाजशास्त्रज्ञ अलेक्स इंकेल्स यांच्या चमूने मुख्यतः पश्चिम जर्मनीतल्या सोव्हिएत निर्वासितांशी बोलून शेकडो मुलाखती नोंदवल्या. शिवाय हजारो लेखी प्रश्नावल्या.

यातले बरेच जण पळून आलेलेच नव्हते! कुणी युद्धकैदी, कुणी जर्मनांनी वेठबिगारीला नेलेले. त्यामुळे स्वेच्छेने आलेले आणि ओढून आणलेले असे गट करून उत्तरं ताडता आली. मतांआधी शाळा, नोकरी, पगार, रोजचं जेवण विचारायचं, हेही महत्त्वाचं. थेट ‘राजवट कशी होती?’ विचारलं की समोरचा मुलाखतकाराला आवडेल तेच बोलतो.

माझ्या मते खरा पुरावा उलट दिशेने जाणाऱ्या उत्तरांत असतो. गुप्त पोलिसांची दहशत आणि सामूहिक शेती यांचा तिटकारा करणारेच मोफत उपचार आणि शिक्षण टिकावं म्हणत होते. निव्वळ कडवटपणातून हे उत्तर येत नाही. मॉस्कोतल्या सामान्य माणसांच्या मतांची टक्केवारी मात्र यातून काढू नये. नमुना तसा निवडलेलाच नव्हता.