मदत हवी आहे: मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी माहितीपुस्तिकांचा उद्देश कसा ठरवावा?

नमस्कार मंडळी,

परभणी, सेलू, जिंतूर, वसमत या भागातले आम्ही काही शिक्षक, इंजिनिअरिंगला असलेली दोन-तीन मुलं आणि डीटीपीचं काम करणारे एक काका मिळून मुक्त सॉफ्टवेअरच्या (जे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतं) मराठी माहितीपुस्तिका लिहायला घेतल्या आहेत. सुरुवात लिब्रेऑफिस (कागदपत्रं, तक्ते करायचं सॉफ्टवेअर) आणि उबुंटू (विंडोजसारखी, संगणक चालवणारी प्रणाली) यांपासून. यात कुणाला पैसे मिळत नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत. शाळा, कॉलेज, शेती सांभाळून जो तो जमेल तसं लिहितो.

पानं जमायला लागली आहेत, पण प्रत्येक पान वेगळ्याच माणसासाठी लिहिलेलं वाटतं. एकाने थेट टर्मिनलच्या (माउस न वापरता टाइप करून द्यायच्या) आज्ञा दिल्यात, तर दुसऱ्याने माउस कसा धरायचा इथून धरलंय. दोघांनीही मन लावून लिहिलंय, त्यामुळे कुणाचं काढून टाकावं हे सांगायला जीभ उचलत नाही. म्हणून आधी प्रकल्पाचा उद्देश एका पानावर लिहून काढू असं ठरलं, आणि चर्चा तिथेच अडून बसलीय.

सगळ्यात मोठा मतभेद भाषांतर करायचं की स्वतः लिहायचं यावर आहे. लिब्रेऑफिसमधल्या रायटर (लेखन), कॅल्क (तक्ते), इम्प्रेस (सादरीकरण) यांची इंग्रजी मार्गदर्शकं स्वयंसेवकांनीच लिहिलेली आहेत, चांगली आहेत, आणि भाषांतराची परवानगी त्यांच्या परवान्यातच (वापराच्या लेखी अटींत) आहे. आमच्यातले निम्मे म्हणतात, तयार मजकूर असताना नव्याने कशाला खपायचं? मला मात्र वाटतं की आपली माणसं जिथे अडतात ते त्या शेकडो पानांत नाहीच. 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. इनस्क्रिप्ट (मराठी टाइप करायच्या) कीबोर्डवर साधा र आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) देऊन य जोडला तर 'र्य' होतो, 'ऱ्य' होत नाही. त्यासाठी शिफ्ट धरून 'जे' (J) ही कळ दाबायची, मग 'डी' (D, म्हणजे हलन्त), मग य. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक अर्जात हा शब्द येतो, आणि हे न कळल्यामुळे लोक युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) सोडून पुन्हा जुन्या फॉन्टकडे जातात. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. नावांची यादी अकारविल्हे लावायची तर तीही लागत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण कधी येतच नाही, मग तो त्यावर पान कशाला लिहील?

दुसरा प्रश्न परवान्याचा. पुस्तिका कुणी विकू नये म्हणून 'व्यावसायिक वापर नको' अशी अट घालावी, असा काहींचा आग्रह आहे.

तिसरा, सांभाळणार कोण? लिब्रेऑफिसची नवी मोठी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते, उबुंटूची दीर्घ मुदतीची दर दोन वर्षांनी. मेनूतली नावं बदलतात. लिब्रेऑफिसमध्ये भाषेची सोय आधी 'लँग्वेज सेटिंग्ज'खाली होती, आता ती 'लँग्वेजेस अँड लोकेल्स'खाली आहे. एवढ्याशा बदलानेही नवशिका माणूस तिथेच थांबतो.

ज्यांनी मराठी विकिपीडियावर, स्थानिकीकरणात (सॉफ्टवेअर मराठीत आणण्यात) किंवा अशा कुठल्याही सामूहिक कामात हात घातलाय, त्यांनी सांगावं: उद्देश किती अरुंद ठेवावा? 'झालं' कधी म्हणावं? आणि मनापासून लिहिणाऱ्याला 'हे आपल्या कक्षेत नाही' हे न दुखवता कसं सांगावं?

प्रतिसाद, नांदेडहून

ताई, उद्देश लिहिताना 'लिब्रेऑफिसची संपूर्ण माहिती मराठीत आणणे' असं वाक्य अजिबात नको. ते कधीच पूर्ण होत नाही आणि त्यावरून कुठलं पान घ्यायचं, कुठलं नाही, हेही ठरत नाही. त्यापेक्षा वाचक एकच धरा आणि पुस्तिका वाचून त्याला काय करता येईल ते लिहा. उदाहरणार्थ, जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला हजेरीचा तक्ता करता यावा, निकालपत्रक छापता यावं, मराठीत पत्र लिहून त्याची पीडीएफ पाठवता यावी. असं लिहिलं की टर्मिनलचं पान आपोआप बाजूला राहतं, आणि ते तुम्ही नाकारलंत असंही होत नाही. पुढच्या पुस्तिकेसाठी जपून ठेवा आणि लिहिणाऱ्याला तसं सांगा.

आणखी एक. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिस, लिनक्स वगैरेंवर साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, त्यातले बरेच मराठी आवाजात, लिखित संहितेसकट. तेच पुन्हा करण्यात हात गुंतवू नका. आधी ते बघून काय राहिलंय त्याची यादी करा. तुमचं 'ऱ्य'चं पान हा अगदी तुमचाच ऐवज आहे.

लिखाणाचे प्रकारही वेगळे ठेवा. शिकवणारा धडा वेगळा, एखादं काम कसं करायचं ते सांगणारं पान वेगळं, संदर्भासाठीची यादी वेगळी आणि 'असं का होतं' याचं विवेचन वेगळं. तुमच्या दोन लेखकांत ओढाताण दिसते ती बरीचशी यामुळे. सुरुवातीला फक्त 'काम कसं करायचं' एवढीच पानं घ्या, असं मी म्हणेन.

'झालं' कधी म्हणायचं, तर माझी कसोटी साधी आहे. पान छापून ज्याने ते सॉफ्टवेअर कधी वापरलं नाही अशा शिक्षकाच्या हातात द्या, शेजारी बसा आणि तोंडातून शब्द काढू नका. तो जिथे अडेल तिथलं वाक्य बदला. तुम्हाला न विचारता काम पार पडलं की ते पान झालं.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

परवान्याबद्दल लिहितो, कारण तिथे तुम्ही मोठी चूक टाळू शकता. 'व्यावसायिक वापर नको' ही अट घातली की पुस्तिका मुक्त राहत नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या ग्नू प्रकल्पाची भूमिका पहिल्यापासून हीच आहे की मुक्त सॉफ्टवेअरसोबतची पुस्तिकाही मुक्त हवी, म्हणजे ती बदलता आली पाहिजे आणि विकताही आली पाहिजे. कुणी सॉफ्टवेअर बदललं आणि पुस्तिका त्याप्रमाणे सुधारता आली नाही, तर ती खोटी माहिती देत राहील.

विकण्याला घाबरू नका. तालुक्याच्या ठिकाणी बसस्टँडजवळचा झेरॉक्सवाला तुमची पुस्तिका छापून, बाइंडिंग करून पन्नास रुपयांना विकू लागला, तर तो तुमचं वाटपाचंच काम करतोय. गावात नेट धड चालत नसताना कागद हाच खरा आधार. अट असेल तर तो प्रामाणिक माणूस छापायचंच टाळेल.

माझा सल्ला: क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० हा कुणालाही घेता येणारा तयार परवाना. नाव द्यावं लागतं आणि सुधारलेली प्रत त्याच अटींवर द्यावी लागते. म्हणजे कुणी तुमच्या लेखनाचं स्वतःचं पुस्तक केलं तरी त्याला ते पुढच्यासाठी बंद करता येणार नाही. मराठी विकिपीडियाचा मजकूरही याच परवान्याखाली आहे, देवाणघेवाण सोपी जाते. २००० साली आलेला ग्नूचा मुक्त दस्तऐवज परवानाही आहे, पण त्यात न बदलता येणारे विभाग ठेवण्याची सोय आहे. त्यावरून डेबियनमध्ये (स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्सच्या प्रकल्पात) बराच खल झाला आणि २००६ मध्ये मतदान होऊन असे विभाग नसतील तरच ते लेखन मुक्त मानायचं ठरलं. तुमच्या छोट्या गटाला त्या गुंत्यात पडायचं कारण नाही.

आणि परवाना आजच ठरवा. नंतर बदलायचा तर प्रत्येक लेखकाची संमती लागते, आणि स्वयंसेवक गाव सोडून पुण्याला गेला की फोनही उचलत नाही.

प्रतिसाद, औसा (लातूर)

राम राम ताई. मी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो, म्हणजे तुमचा वाचक मीच समजा. मला पुस्तक नको. समोर गिऱ्हाईक उभं असतंय, शंभर पानं कवा चाळायची? एका कामाला एक पान, जास्तीत जास्त दोन. वर मोठ्या अक्षरात कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते लिहा. मेनूची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच ठेवा. व्हाट्सॲपवर पाठवता येईल एवढी फाइल हलकी असू द्या. 'ऱ्य'चं पान तयार असंल तर आजच टाका, लई उपकार होतील.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आमच्या गटात हा धागा वाचला आणि उद्देशाचा हा मसुदा तयार झाला. सुधारणा सुचवा.

'मराठी माध्यमाच्या शाळेतल्या शिक्षकाला आणि गावातल्या सेवा केंद्रचालकाला लिब्रेऑफिसमध्ये रोजची मराठी कागदपत्रं दुसऱ्या कुणाला न विचारता तयार करता यावीत. एका कामाला एक पान. जिथे मराठी लिहिण्यामुळे वेगळी अडचण येते ती पानं आधी आणि स्वतः लिहायची, बाकीची इंग्रजी मार्गदर्शकांवरून श्रेय देऊन भाषांतरित करायची. प्रत्येक पानावर आवृत्ती आणि ते तपासल्याची तारीख. वर्षभर न तपासलेलं पान यादीतून काढायचं. प्रोग्रामिंग, टर्मिनल आणि सर्व्हर या फेरीत नाही.'

वाचक दोन झालेत हे नांदेडच्या दादांना खटकेल, पण दोघांची कामं जवळपास सारखी आहेत, म्हणून आम्ही तसंच ठेवलंय. परवाना शेअरअलाइक ठरला. डीटीपीवाले काका शेवटपर्यंत राजी नव्हते, झेरॉक्सवाल्याचं उदाहरण वाचून तयार झाले.

पहिला संच १७ सप्टेंबरच्या सुमारास, मुक्तिसंग्राम दिनाच्या आगेमागे काढायचा विचार आहे. सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिनही सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, त्यामुळे शाळांत दोन्ही निमित्तांनी पानं वाटता येतील.

आता एक मदत हवी. पानं तपासायला बीड, हिंगोली आणि धाराशिव भागात प्रत्येकी एक माणूस हवा. त्याला संगणकातलं विशेष काही येत नसेल तर उत्तमच. औशाच्या दादांनी पहिल्या तपासणीला वेळ द्यावा ही विनंती. 'ऱ्य'चं पान आज संध्याकाळी इथेच टाकते.